दोनच माणसांची मोटार

आबांना तापलेली मोटार चालायची नाही.

चालायची नाही म्हणजे बघायचीसुद्धा नाही. कुणी जुनी मोटार विकायला काढली आणि घेणारा आबांना पारखायला घेऊन गेला, की आबा मालकाच्या नमस्काराकडे लक्ष न देता सरळ मोटारीपाशी जायचे, कोटाची बाही मागे सारायचे आणि बॉनेटवर तळहात टेकवायचे. पोराच्या कपाळावर आई हात ठेवते ना, तसा. डोळे मिटलेले. मालक आपला शेजारी कसनुसं हसत उभा. मग आबा डोळे उघडून "गार हाय" म्हणाले, की पुढची तपासणी सुरू. हाताला जरा जरी ऊब लागली, की संपलं!

लोणी भापकरच्या एका बागाईतदाराने आबा येणार म्हणून सकाळीच मोटार सुरू करून, चांगली तापवून, पुन्हा बंद करून ठेवली होती. आबांच्या देखत पहिल्याच हँडलला सुरू व्हावी, एवढाच बिचाऱ्याचा हेतू. आबांनी हात ठेवला, उचलला आणि म्हणाले, "मालक, पोरीला ताप हाय. अशात दाखवायला काढू न्हाई. औषधपाणी करा, उतरला की सांगावा धाडा."

मालक ओशाळला. "आबा, आता आलाच हाय तर चहा तरी घ्या."

"चहा घिऊ की. चहाचा काय गुन्हा?"

आणि चहा घेऊन, पान खाऊन, मोटारीकडे ढुंकूनही न बघता परत.

मी एकदा त्यांना विचारलं, की असं का हो करता? तर म्हणाले, "डॉक्टरीणबाई, गार मोटार खरं बोलती. मानूस सकाळी उठल्या-उठल्या कण्हत आसंल तर कण्हतंय. दुपारी चार लोकांत आला की सगळीच बरी दिसत्यात."

मी डॉक्टरीणबाई म्हणजे शिकलेली डॉक्टरीण नव्हे हं. डॉक्टरांची बायको, एवढीच माझी पदवी. एकोणीसशे पन्नासच्या आगेमागे आमच्या डॉक्टरांनी बारामतीला दवाखाना टाकला आणि मी पुण्याहून चार भांडी घेऊन त्यांच्यामागे आले. दवाखान्याच्या मागे आमचं बिऱ्हाड आणि आमच्या भिंतीला भिंत आबांच्या घराची. पिंपळीला कालव्याच्या पाण्यावर त्यांची पेरूची आणि मोसंबीची बाग होती, पण जीव सगळा इंजिनात. एके काळी बारामती ते इंदापूर आबांच्या स्वतःच्या प्रवासी मोटारी धावायच्या. पुढे तो रस्ता सरकारी गाड्यांकडे गेला आणि आबांनी आपल्या मोटारी विकून टाकल्या. विकल्या त्यासुद्धा खोट सांगून.

हा 'खोट' शब्द आबांचा फार लाडका. मूळचा बैलबाजारातला. बैल विकताना त्याची जी काही खोड, जे काही व्यंग असेल ते मालकानं तोंडानं सांगायचं, मग सौदा. आबांनी तो कायदा मोटारींना लावला. "खोट सांगा," असं ते मालकाला तोंडावर म्हणायचे. मालक म्हणाला, काहीच खोट नाही, की आबा मान हलवत म्हणायचे, "बिनखोटीची मोटार आन् बिनखोटीची सासू, दोन्ही अजून जल्माला यायच्यात."

बघायला जाताना थाट मात्र नवरदेवाचा. गुलाबी फेटा, बंद गळ्याचा कोट, खांद्यावर जरीकाठी उपरणं, कानात अत्तराचा फाया. कोटाच्या खिशात घड्याळाशेजारी एक लोहचुंबक. मोटारीच्या अंगावरून ते फिरवायचं. जिथे पत्रा असेल तिथे चिकटायचं, आणि जिथे आतला पत्रा सडून वर रंगाऱ्याची लांबी भरलेली असेल तिथून टपकन खाली पडायचं. पडलं की आबा ते उचलून फुंकर मारायचे आणि मालकाकडे अशा नजरेने बघायचे, की त्या माणसाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं वाटावं. अहंकार होता त्यांना, नाही कशाला म्हणू? आपण "घेऊ नका" म्हटलं की बारामतीत कुणी घेत नाही, याचा भारी तोरा.

पण खरी गंमत वेगळीच होती. ती मला फार उशिरा कळली. आबा एकटे कधीच मोटार बघायला जायचे नाहीत. बरोबर अक्का असायच्या.

अक्का म्हणजे त्यांची बायको. ठेंगण्या, गोऱ्यापान, कपाळभर कुंकू, आणि गुडघे दुखायचे म्हणून जरा डुलत चालणाऱ्या. आबा पुढे ताडताड जायचे आणि अक्का मागून, पदर सावरत, चांगलं अंतर ठेवून. लोकांना वाटायचं, पाहुण्यांकडे जायचं म्हणून सोबत आणलीय. छे! आबा बाहेर मोटारीला हात लावायचे तेव्हा अक्का आत माजघरात शिरायच्या. तिथे मालकीण असायचीच. चहा टाकता टाकता अक्का आपल्या सहज विचारायच्या, "काय गं बाई, मोटार म्हंजी सुखच आसंल तुमाला?" की झालं! ती बाई जी सुरू व्हायची. कुठल्या लग्नाला जाताना बंद पडली, कुणी-कुणी ढकलली, कुणाचा शालू तेलानं खराब झाला. बाहेर नवरा शपथा घेतोय, आत बायको सगळं सांगून मोकळी. निघताना पानाचं तबक यायचं. अक्का पान तोंडात टाकून बाहेर आल्या तर मोटार बरी. पान हातातच धरून आल्या, की आबा समजायचे आणि चप्पल पायात सरकवायचे.

बावड्याच्या एका व्यापाऱ्याची मोठी काळी मोटार बघायला आम्ही गेलो होतो. डॉक्टरांना गाडी हवीच होती. खेड्यापाड्यांतून बोलावणी यायची, आणि सायकलवरून किती जायचं माणसानं? त्या व्यापाऱ्याने छातीला हात लावून सांगितलं, "आबा, गाडीला कधी कुठं टेकलंसुदीक न्हाय." आबांनी काही न बोलता वाटेवर कळशीभर पाणी ओतायला लावलं, ओल्या चाकांनी मोटार सरळ पुढे न्यायला सांगितली आणि स्वतः मागून धुळीतल्या चाकांच्या रेघा बघत वाकून चालू लागले. सरळ मोटारीची मागची चाकं पुढच्यांच्याच रेघेवरून जातात. इथे मागच्यांच्या रेघा वेगळ्याच, एका अंगाला सरकलेल्या. कुठे तरी जबर आपटून सांगाडाच वाकला होता.

आबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "मालक, पुढची चाकं निघाल्यात बारामतीला. मागच्यांस्नी इंदापूरला जायचं हाय. आधी त्यांचं मिटवा."

आणि तेवढ्यात अक्का बाहेर आल्या. पान हातात. परत येताना सांगत होत्या, त्या बाईच्या भावाच्या हातून मोटार ओढ्यात गेली होती म्हणे, दोन बैलजोड्यांनी बाहेर काढली. मी इतकी हसले, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

अशा किती मोटारींना नको म्हटलं असेल आबांनी! आमचे डॉक्टर कंटाळले. आणि नेमकी तेव्हाच ती लाल मोटार आमच्या नशिबात आली.

इंदापूरच्या बाजूला एक विलायती इंजिनिअर साहेब राहायचा. तो मायदेशी परत चालला होता आणि त्याने आपली मोटार विकायला काढली होती. लाल, बुटकी, तारांच्या चाकांची, कापडी छपराची, आणि आत बसायला दोनच जागा. शर्यतीची मोटार म्हणायचे तिला. डॉक्टरांनी ती एकदा रस्त्यात पाहिली आणि शहाणा-सुरता माणूस पार बिथरला! मोटार अजून जवळून पारखलीही नव्हती तर पुण्याला जाऊन चामड्याचे हातमोजे घेऊन आला. मी विचारलं, "अहो, दोनच माणसं मावतात. पेशंटला आणायचं झालं तर काय टपावर बांधणार? टपही कापडाचा!" तर म्हणे, तुला नाही कळायचं. बरं बाई, नाही कळत.

घरोघरी हीच चर्चा. 'दोनच?' असं जो तो विचारायचा. तेव्हा मोटार म्हणजे सासू, जावा, पोरं, दोन पाहुणे आणि वर लोणच्याची बरणी. दोनच माणसांसाठी एवढं लोखंड कुणी कशाला ओतलं असेल, हेच कुणाला समजेना.

सकाळच्या गाडीने आम्ही चौघं इंदापूरला गेलो आणि तिथून टांग्याने साहेबाच्या बंगल्यावर. मोटार जांभळीखाली उभी होती. खरं सांगते, मलासुद्धा मोह पडला. इतकी देखणी! आबांनी बॉनेटवर हात ठेवला. गार. हँडल मारलं, जरा कुरकुरली, पण लागली. मागच्या नळीतून निळा धूर आला. "तेल पितीया थोडं," आबा म्हणाले. चुंबक फिरवलं, ते एकदाही पडलं नाही. डॉक्टर माझ्याकडे विजयी मुद्रेने बघत होते. मग आबा खाली वाकले आणि पायाच्या पेडलची रबरं चाचपून म्हणाले, "काट्यावर काय बी लिवलेलं आसू द्या. किती पळाली ते पायाला इचारायचं. रबरं झिजल्यात, म्हंजी पळालीया चिक्कार. आन् चालवनाऱ्याची सीट बगा कशी बसलीया, डावी अजून फुगलेली. साहेब एकटाच हिंडलाय."

"खोट सांगा," असं आबांनी साहेबालाही विचारलं. डॉक्टरांनी त्याचं इंग्रजी केलं. साहेब म्हणाला, सगळं एकदम उत्तम. आबांनी तोंड वाकडं केलं.

या सगळ्यात अक्कांची मात्र पंचाईत झाली होती. साहेबाची मडम आधीच निघून गेलेली. माजघर नाही, मालकीण नाही, विचारायचं कुणाला? एक खानसामा होता, त्याने चहा आणला, पण पान कसलं? गुडघे दुखत होते म्हणून त्या झाडाला टेकून उभ्या होत्या. आबांनी त्यांच्याकडे न बघताच हात मागे पसरला. अक्कांनी अंबाड्यातला आकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. इतक्या वर्षांची सवय. एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, बघायचं नाही, पण काय हवंय ते बरोबर कळायचं. आबांनी दार उघडलं, खालच्या अंगाने आकडा टोचला. या मोटारींना पत्र्याच्या आत लाकडाची चौकट असते, हे मला तेव्हा कळलं. आकडा आत गेला, गेला, मुठीपर्यंत गेला. आबांनी तो हळूच बाहेर काढला आणि धोतराला पुसला. डॉक्टर तेव्हा समोरचं घड्याळ बघण्यात दंग. आकडा त्यांनी पाहिलाच नाही.

मग आबा स्टिअरिंगचं चक्र तपासायला आत बसले. आणि अक्का, बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून, डाव्या बाजूने आत जाऊन टेकल्या.

लक्षात घ्या, आबांच्या स्वतःच्या मोटारी होत्या तेव्हासुद्धा अक्का त्यांच्या शेजारी कधी बसल्या नव्हत्या. चालवणाऱ्याच्या शेजारची जागा मामलेदाराची, पाटलाची, नाही तर कुणा बड्या बागाईतदाराची. मालकाची बायको मागे, भाजीच्या पाट्यांबरोबर.

अक्का जरा सावरून बसल्या. मागे वळून बघितलं. मागे काहीच नव्हतं. मग म्हणाल्या, "आवं, हितं दोघांचीच जागा हाय?"

"व्हय."

"म्हंजी आत्याबाई, जाऊबाई, पोरं... कुनीच न्हाय?"

"न्हाय. दोघंच."

आणि अक्का हसल्या. पदर तोंडावर धरून, खांदे हलवत, एखाद्या पोरीसारख्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण असं हसताना बघितलं नव्हतं. आबांचा हात चक्रावर होता तो तिथेच राहिला. ते अक्कांकडे बघत होते, सगळ्यांच्या देखत.

मग ते खाली उतरले आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टर, घिऊ नका. आतलं लाकूड वाळवीनं खाल्लंय. वरनं चुनडी, आतनं भुसा."

डॉक्टरांचं तोंड पडलं. पण आबांचा शब्द. आम्ही परत आलो. हातमोजे मी चुलीवरची गरम भांडी उतरायला वापरू लागले. फार छान होतात त्यासाठी.

आणि महिना-दीड महिन्याने काय व्हावं? भर बाजाराच्या दिवशी आबा ती लाल मोटार स्वतः चालवत बारामतीत आले!

एकटेच इंदापूरला जाऊन आले होते. खानसाम्याकडून पुढे सगळी हकिकत आली. आबांनी बैलबाजाराच्या रिवाजाप्रमाणे साहेबाच्या हातावर उपरणं टाकलं आणि खाली त्याची बोटं धरून भाव केला म्हणे. साहेबाला वाटलं, हस्तांदोलनाची ही इथली पद्धत असावी. त्याने जोरजोरात हात हलवला. कुठल्या बोटावर सौदा ठरला ते उपरण्याखालीच राहिलं.

आमच्या घरात काय आकांत झाला म्हणून सांगू! डॉक्टर रागाने येरझारा घालत होते. "मला वाळवी दाखवली आणि स्वतः लंपास केली! मी याला माणूस समजत होतो." आकडा आत जाताना मी पाहिला होता, पण वाटलं, एवढ्याशा भोकाचं आबांनी मुद्दाम मोठं केलं; मीही कमी तापले नव्हते हं. अक्कांकडून रोज विरजण आणायचे ते बंद केलं. दुसऱ्या कुठल्या विरजणाने घरात दही लागायचंच नाही, पण हट्ट. गावातही तेच. ज्या आबांच्या एका शब्दावर लोक सौदे मोडायचे त्यांना कुणी मोटार बघायला बोलवेना. बैलबाजारात एका टग्याने सगळ्यांसमोर विचारलं, "काय आबा, खोट सांगता का खोटं सांगता?"

बाजार हसला. आणि ज्या माणसाकडे प्रत्येकाला द्यायला उत्तर तयार असायचं, तो माणूस उपरणं सावरत गप्प घरी आला. त्यांचा शब्द हीच त्यांची सगळी इस्टेट होती. तीच गेली. एक वाक्य बोलून ती परत आणता आली असती, पण काय बोलणार? बायको हसली म्हणून मोटार घेतली, असं त्या काळी कुठला बाप्या चारचौघांत बोलला असता?

ते कोडं सोडवलं मोटारीनेच.

दवाखान्यात पेशंटची गर्दी होती. मी औषधाच्या बाटल्या धुवून उन्हात ठेवत होते. समोरून लाल मोटार आली. आबा चालवतायत, शेजारी अक्का, डोक्यावरचा पदर वाऱ्याने उडू नये म्हणून दातांत धरलेला. आणि बरोबर आमच्या दारात, खड्ड्यात चाक गेलं आणि मोटारीचं डावं दार बिजागरीसकट निखळलं! पडलं नाही. अक्कांनी ते वरच्या वर झेललं आणि मांडीवर घेऊन बसल्या. अगदी जेवणाचं ताट घेऊन बसावं तशा. आबांनी मोटार थांबवली.

पेशंट खोकायचे थांबले. डॉक्टर बाहेर आले. कुणाशी न बोलता त्यांनी दाराच्या जागी जी चौकट उरली होती तिच्यात बोट घातलं. आतून रवा गळावा तसा लाकडाचा भुसा भुरभुर गळला, रस्त्यावर ढीग झाला. डॉक्टर त्या ढिगाकडे बघतच राहिले.

"आबा, म्हणजे वाळवी खरंच होती?"

"सांगितलं हुतं की तुमाला."

"मग माहीत असून घेतलीत कशाला?"

आबांनी फेटा नीट केला. घसा खाकरला. सगळा दवाखाना ऐकत होता.

"डॉक्टर, तुमाला रातीबेराती पळायचं. तितं पेशंट तळमळतोय, त्याला वाळवीची सबब सांगून भागंल व्हय? तुमाला पळायला मोटार पायजे हुती. म्हनून न्हाय म्हनलो." मग आवाज जरा उतरला. "मला कुठं पळायचंय आता? मला बसायला पायजे हुती. बसायला चांगली हाय."

तेवढ्यात मोटारीतून अक्कांचा आवाज आला, "आवं, आधी दार घ्या की. मांड्या मोडल्या माज्या!"

सगळा रस्ता हसला. डॉक्टरच सर्वांत जास्त. त्यांनी दार उचललं, आबांनी अक्कांना हात दिला. मोटार इतकी बुटकी, की बसलेलं माणूस आपलं आपण उठू शकत नसे, त्यात अक्कांचे ते गुडघे. आबांनी भर रस्त्यात बायकोचे दोन्ही हात धरले आणि ओढून उभं केलं. बारामतीने असं काही पहिल्यांदाच पाहिलं असेल. संध्याकाळी मी वाटी घेऊन अक्कांकडे विरजण आणायला गेले.

पुढे आबांनीच आम्हाला दुसरीच एक काळी मोटार घेऊन दिली. दिसायला म्हशीसारखी, पण थंडीतसुद्धा पहिल्या हँडलला लागायची. अक्कांनी पान तोंडात टाकूनच बाहेर येऊन तिला पास केलं होतं. अक्का पिंपळीला बागेतल्या घरी मुक्कामाला असताना एका पहाटे तिथून गडी धावत आला, अक्कांच्या छातीत दुखतंय म्हणून. डॉक्टरांनी हँडल मारलं, ती लागली, आणि ते वेळेवर पोचले. लाल मोटार घेतली असती तर, हा विचार डॉक्टर पुष्कळदा बोलून दाखवायचे. आबा नुसते मान डोलवायचे.

लाल मोटारीचं धावणं तर केव्हाच संपलं होतं. ती आबांच्या परड्यात शेवग्याखाली उभी असायची. जावा नाकं मुरडायच्या, पण अक्का दुपारी त्यातच बसून तांदूळ निवडायच्या, शेंगा सोलायच्या, वाती वळायच्या. आपल्या त्या डाव्या सीटवर. संध्याकाळी बागेतून आबा आले, की हात-पाय धुऊन चक्रामागे जाऊन बसायचे. दोघंच. बोलायचे काय देव जाणे, आम्हाला भिंतीपलीकडून नुसती कुजबूज आणि मधूनच अक्कांचं हसू ऐकू यायचं. आमचे डॉक्टर मुद्दाम भिंतीवरून डोकावून विचारायचे, "काय आबा, कुठं निघालात?"

"इंदापूरला. पोचलो की सांगतो."

रोज हाच प्रश्न, रोज हेच उत्तर. अक्का पदराआड हसायच्या.

दोन पावसाळे असे गेले, आणि मग अक्का गेल्या. या वेळीही त्या बागेवरच होत्या, पण काळी मोटार वेळेवर पोचूनही उपयोग झाला नाही. आबा रडले नाहीत. निदान आमच्यासमोर नाही. फेटा मात्र गुलाबी होता तो पांढरा झाला आणि अत्तर सुटलं.

शेवटचं चित्र आठवतं ते त्याच सालचं. पुण्याहून एक तरुण आला होता, अशा जुन्या शर्यतीच्या मोटारींचं वेड असलेला. डॉक्टरांच्या ओळखीतला. घरच्यांनी आबांच्या मागे लागून त्यांना विकायला तयार केलं होतं, परड्यात नुसती सडतेय म्हणून. आम्ही दोघंही गेलो. तरुणाने बॉनेटवर हात ठेवला. डॉक्टरांनीच शिकवून ठेवलं असावं. आबा किंचित हसले. "गारच हाय. लई दिसांची गार हाय."

मग ते स्वतःहून खोट सांगू लागले. एकेका जागेवर हात ठेवत. वाळवी इथे, धूर निळा, छप्पर फाटलंय, चक्र सैल, दार दोरीने बांधलंय. "आमच्या माजघरात आता इचारायला कुनी न्हाय, पोरा. म्हनून मीच सगळं सांगतो."

तो तरुण खूश झाला. म्हणाला, आबा, एवढं खरं सांगणारा माणूस मी पाहिला नाही, मला पसंत आहे. आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याच्या हातावर टाकलं आणि आपला हात खाली सारला. सौदा ठरतच होता. तेवढ्यात त्या पोराची नजर आत गेली.

"पण एक मला कळत नाही," तो म्हणाला. "पेडलची रबरं नवी बसवलेली दिसतात, त्यांना झीजच नाही. चालवायची सीटही नव्याने भरून घेतलेली, तीही बसलेली नाही. म्हणजे गाडी तुमच्याकडे पळालेली नाही. मग ही डावी सीट एवढी कशी बसली? पार खड्डा पडलाय. ही खोट तुम्ही सांगितली नाहीत."

आबांचा हात उपरण्याखाली थांबला. मी डॉक्टरांकडे बघितलं, ते जमिनीकडे बघत होते.

"ती खोट न्हाय," आबा म्हणाले.

त्यांनी हात बाहेर काढून घेतला. उपरणं झटकलं, मोटारीत वाकून त्या डाव्या सीटवर पसरलं. फाटक्या छपरातून तिथे ऊन येत होतं. पसरताना कडेच्या सुरकुत्या तळहाताने नीट केल्या.

"मोटार इकायची न्हाय, पोरा," ते पाठमोरेच म्हणाले. "पन चहा घिऊन जा. चहाचा काय गुन्हा?"

सौदा मोडला म्हणून रुसलेल्या घरात चहा करायला कुणी उठेना, तेव्हा मीच अक्कांच्या माजघरात गेले.